तळ हलला की वैमानिक काय तोलतो?

"वैमानिकाला कसले आले घर आणि कसले आले गाव! आज दिल्ली, उद्या दुबई. त्याची बदली झाली काय आणि न झाली काय, सारखेच." विरारच्या गाडीत गप्पांच्या ओघात एका स्नेह्यांनी काढलेले हे उद्गार. डब्यातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. खोटे कशाला सांगावे, आम्हीही डोलावली. पुढे आमच्या शेजारच्याच घरावर तो प्रसंग आला. आम्ही बँकेत हिशेब तपासण्यात जन्म घालवलेला, म्हणून त्या मंडळींनी आम्हाला आकडेमोडीला बोलावले. चार-पाच रात्री कागद पुढ्यात घेऊन बसल्यावर ध्यानात आले की, आमचे स्नेही म्हणत होते त्याच्या अगदी उलट स्थिती आहे. वैमानिकाइतका एका जागेला बांधलेला नोकरदार क्वचितच सापडेल. तो हिशेब काय होता, आणि त्यात आमची चूक कुठे झाली, ते सांगण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम 'बेस' म्हणजे काय ते पाहू. विमान कंपनी प्रत्येक वैमानिकाला एक शहर नेमून देते. त्याची पाळी तिथून सुरू होते आणि तिथेच येऊन संपते. मुंबई बेस असलेला वैमानिक रात्री कोलकात्याला मुक्कामी राहिला, तर हॉटेल, जेवण, मोटार सारे कंपनीचे. पण मुंबईत त्याने कोठे राहावे आणि कसे राहावे, हा त्याचा खाजगी प्रश्न. कंपनीची मोटार न्यायला येते खरी, पण ती ठरलेल्या हद्दीपर्यंतच, असा बऱ्याच ठिकाणचा रिवाज. त्यामुळे बेसपासून तास-दीड तासाच्या आत घर करणे त्याला भाग पडते. वसई-विरारकडे राहावयास आलेल्या विमान कंपन्यांच्या नोकरदारांनी हाच हिशेब केला होता: अंधेरीपर्यंत एकच सरळ रेल्वे, आणि जागेचा भाव पार्ल्यापेक्षा कितीतरी कमी. (घोडबंदरजवळच्या खाडीपुलावर मोटारींची रांग लागली की हा हिशेब कसा कोलमडतो, ते इथल्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.)

बेस हलणे ही गोष्ट आपल्याकडे विमानसेवेइतकीच जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, आणि तेच टपाल पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी मद्रासच्या दिशेने नेले, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतरचा पावसाळा मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. जुहूचे ते मैदान समुद्राच्या भरतीला आणि पावसाला सारखेच उघडे. चिखल झाला की विमान उतरावयाची सोय नाही. तेव्हा दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सारा बारदाना उचलून टाटा पुण्यास गेले आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीतल्या एका मैदानावरून पावसाळाभर कारभार चालवला. पहिला बेस असा पहिल्याच वर्षी हलला. पण त्या हलण्यात आणि आजच्या हलण्यात एक मोठा फरक आहे. तेव्हा सारी कंपनीच एकत्र हलली. मागे कोणी राहिले नाही आणि कोणाची जागा दुसऱ्याला गेली नाही.

आज तसे होत नाही. कंपनी एका शहरातली विमाने कमी करून दुसऱ्या शहरात नेते, आणि जेवढी विमाने गेली तेवढ्या वैमानिकांना पत्रे येतात. कधी दोन कंपन्या एक होतात. कधी कंपनी बुडते, आणि मग हलणारा बेस कोठे जाऊन थांबेल ते कोणालाच सांगता येत नाही. पत्र आलेल्या वैमानिकापुढे साधारणपणे चार वाटा असतात. नव्या शहरी जावे. जुन्याच शहरात राहून दुसऱ्या जातीच्या विमानावर शिकून घ्यावे. कंपनी सोडून जुन्याच शहरात दुसरी धरावी. किंवा घर जागच्या जागी ठेवून दर खेपेस नव्या बेसला जा-ये करावी. बाहेरचा माणूस विचारतो, "पगार कोठे जास्त?" वैमानिक ते विचारत नाही असे नाही, पण त्याचा पहिला प्रश्न तो नसतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, "माझा नंबर राहतो का?"

हा नंबर म्हणजे ज्येष्ठतेच्या यादीतला क्रमांक. वैमानिक कंपनीत ज्या दिवशी रुजू झाला, त्यावरून तो ठरतो. उजव्या खुर्चीवरचा सहवैमानिक डाव्या खुर्चीवर कॅप्टन म्हणून केव्हा जाईल, मोठ्या विमानाची पाळी आधी कोणाची, आणि मंदी आली तर घरी आधी कोणाला पाठवावयाचे, या गोष्टी बहुतेक कंपन्यांत या यादीकडे पाहून ठरतात. अर्नाळ्याच्या एखाद्या तांडेलाने आपली होडी सोडून दुसऱ्याच्या होडीवर काम धरले, तर त्याला कोणी "आधी चार वर्षे खलाशी हो" असे म्हणत नाही. त्याचे कसब त्याच्याबरोबर जाते. वैमानिकाचेही उड्डाणाचे तास त्याच्याबरोबर जातात. वहीत नोंदलेले ४००० तास जगात कोठेही ४००० च. पण नंबर कंपनीच्या दारातच गळून पडतो. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत तर वीस वर्षांचा कॅप्टन दुसरीकडे गेला की शेपटाला उभा राहतो आणि पुन्हा उजव्या खुर्चीवर बसतो. आपल्याकडे आणि आखातात गरजेच्या काळी तयार कॅप्टन थेट डाव्या खुर्चीसाठी घेतात, हे खरे. तरी यादीत तो शेवटचाच.

नंबरावर माणसे किती जीव टाकतात, याचे उदाहरण दूरचे नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या. दोन याद्या एकमेकींत कशा गुंफावयाच्या, याचा वाद वर्षानुवर्षे मिटला नाही. न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या समितीस त्यात घालावे लागले. आणि २०१२ च्या मे महिन्यात ड्रीमलायनर विमानाचे शिक्षण आधी कोणाला मिळावे, या प्रश्नावर एअर इंडियाच्या बाजूच्या वैमानिकांनी ५८ दिवस संप केला. वर्तमानपत्रांनी त्यांना लठ्ठ पगाराचे लाडके म्हणून झोडपले. आम्हीही तेव्हा झोडपणाऱ्यांतच होतो. आज वाटते, ते भांडण पगाराहून रांगेचे अधिक होते. आणि रांगेत मध्येच कोणी घुसले की मुंबईकर काय करतो ते आपण रोज पाहतो.

नंबरानंतर येते ते यंत्र. मोटार चालवणाऱ्याला एक मोटार आली की दुसरी येते. विमानाचे तसे नाही. प्रत्येक जातीच्या विमानाची परवान्यावर वेगळी नोंद लागते, तिच्यासाठी शिक्षण, परीक्षा आणि सिम्युलेटरवरचे तास लागतात, आणि खर्च काही लाखांचा. कंपनीने खर्च केला तर ती पुढच्या काही वर्षांचा करार लिहून घेते. शिवाय ९० दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन उतरणी झाल्या नाहीत, तर चालू परवानाही तात्पुरता निरुपयोगी होतो. म्हणजे घरी बसून चांगल्या संधीची वाट पाहणे हे इतर नोकरदारांना जेवढे परवडते, तेवढे वैमानिकाला परवडत नाही.

याचा पडताळा २०१९ मध्ये आला. मुंबईची जेट एअरवेज कंपनी काही महिने वेतन थकवून अखेर थांबली. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेले विमान तिचे शेवटचे. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडच्या पुष्कळ घरांना त्या रात्रीची झळ पोचली; वैमानिकांच्या घरांपेक्षाही विमानतळावरच्या इतर नोकरदारांच्या घरांना अधिक. पण वैमानिकांतही सर्वांचे नशीब सारखे नव्हते. जे बोइंग ७३७ चालवीत, त्यांना स्पाइसजेटचे दार उघडे होते. कारण तीच विमाने, किंबहुना जेटने सोडलेलीच काही विमाने, ती कंपनी घेत होती. एटीआर चालवणाऱ्यांना इंडिगोकडे तीच जात होती. पण बोइंग ७७७ चालवणारा, जो कालपर्यंत सर्वांत वरच्या पायरीवर होता, त्याला देशात एअर इंडियाखेरीज ते विमान चालवणारी दुसरी कंपनी नव्हती. ती सोडली तर आखात. वरची पायरी जितकी उंच, तितकी आजूबाजूला पाय टेकावयास जागा कमी, हे त्या वेळी पुष्कळांनी पाहिले.

जे आखातात गेले त्यांचा हिशेब कागदावर बिनचूक होता. पगार मोठा, कंपन्या धनाढ्य, मुंबईचे अंतर तीन तासांचे. वर्षही झाले नाही तोच करोनाची साथ आली. २५ मार्च २०२० पासून भारतातली देशांतर्गत उड्डाणे दोन महिने बंद राहिली, आणि जगभर तोच प्रकार. आखातातल्या मोठ्या कंपन्यांनीही वैमानिक कमी केले. नवा माणूस, शेपटाचा नंबर आणि परकी भूमी, अशा तिहेरी कात्रीत पुष्कळजण सापडले. त्याच वेळी इथे राहिलेल्यांचे पगार कापले गेले, काहींना बिनपगारी रजेवर बसावे लागले, पण राहते घर आणि शेजार तरी शाबूत होता. म्हणून आखात वाईट असे आम्ही म्हणत नाही. पुढे हवाई वाहतूक सावरली तेव्हा तिथल्याच कंपन्या पुन्हा वैमानिक शोधीत आल्या. सांगावयाचे एवढेच की, पगाराचा आकडा हा आजचा असतो आणि नंबराची किंमत वाईट दिवशी कळते.

शेजाऱ्यांच्या कागदावर आम्ही जे मांडले ते आता सांगतो. मुलगा एकतीस वर्षांचा, सहवैमानिक, कंपनीत सहा वर्षे झालेली. परवाना मिळवण्यासाठी वडिलांनी शेताचा तुकडा विकलेला, कारण हे शिक्षण पन्नास लाखांच्या पुढे जाते. विरारला कर्जाचे घर. पत्नी वसईच्या एका अनुदानित शाळेत शिक्षिका. मुलगी चार वर्षांची. वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कंपनीने मुंबईतली काही विमाने दक्षिणेतल्या एका शहरी नेली आणि याला पत्र दिले.

आमचा सिद्धांत असा होता, आणि तो अजूनही आम्हाला बराचसा बरोबर वाटतो. वैमानिकाला ६५ व्या वर्षापर्यंत प्रवासी विमान चालवता येते. एकतीस वर्षांच्या मुलापुढे चौतीस वर्षे आहेत. त्याच्या वरचे लोक निवृत्त होत जातील, खाली नवे भरती होतील, आणि आज हाती असलेला नंबर दर वर्षी अधिक मोलाचा होत जाईल. म्हणून तरुणाने गाव सोडावे, कंपनी सोडू नये. उलट बावन्न वर्षांचा कॅप्टन घ्या. डावी खुर्ची मिळाली, तेरा वर्षे उरली, नंबराने मिळावयाचे ते बहुतेक मिळून गेले. त्याचे तास बाजारात विकले जातात. त्याने खुशाल कंपनी सोडावी आणि गाव धरून राहावे. लोक नेमके उलट करतात: तरुण घराच्या ओढीने नवी कंपनी धरतो, आणि प्रौढ कॅप्टन "इतकी वर्षे काढली" या एका वाक्यापायी परगावी भाड्याच्या खोलीत जाऊन पडतो.

कंपनी सोडावयाची म्हटले तरी लगेच सोडता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमाने कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी लागते. इतर धंद्यांत असा नियम क्वचितच दिसेल. नवी कंपनी सहा महिने थांबेल की नाही, आणि त्या सहा महिन्यांत जुन्या कंपनीचेच काय होईल, याची जोखीम वैमानिकाच्या डोक्यावर.

मुलाने आमचा सिद्धांत ऐकला आणि चौथी वाट धरली. घर विरारला, बेस दक्षिणेला. आदल्या संध्याकाळी कोणत्या तरी विमानात मिळेल त्या जागेवर बसून जावयाचे, दोन मित्रांनी मिळून घेतलेल्या खोलीत झोपावयाचे, चार दिवस उडून पाचव्या दिवशी परत. आम्हाला ही तडजोड सुंदर वाटली. कोणाचेच काही गेले नव्हते.

या वाटेचा इतिहास मात्र आम्ही तेव्हा वाचला नव्हता. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोलगन कंपनीचे छोटे विमान घरावर कोसळले. विमानातली ४९ आणि घरातले एक अशी पन्नास माणसे गेली. मुख्य दोष कॅप्टनचा: विमान तरंगते राहण्याची ताकद गमावीत असल्याची सूचना मिळताच नाक खाली करावयाचे, ते त्याने वर खेचले. पण चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. दोघांचाही बेस नेवार्क. कॅप्टनचे घर फ्लोरिडात. आदली रात्र त्याने विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली. सहवैमानिक बाईंचे घर देशाच्या दुसऱ्या टोकाला सिएटलजवळ. त्या रातोरात मालवाहू विमानांतून प्रवास करून कामावर आल्या होत्या. थकव्याचा वाटा नेमका किती, हे चौकशी मंडळाला ठरवता आले नाही. मात्र त्या अपघातानंतर अमेरिकेने वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम नव्याने केले. आपल्याकडेही २०२५ मध्ये दोन टप्प्यांत कडक नियम आले: आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या उतरणी सहावरून दोन. त्याच डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिक वेळापत्रकात नव्हते. मग त्या कंपनीला रात्रीच्या कामाच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट देण्यात आली. नियम विश्रांतीचे तास मोजतो. ते तास माणूस अंथरुणावर काढतो की विमानतळावरच्या खुर्चीवर, हे त्याला दिसत नाही.

आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा आठ महिन्यांनी एका पहाटे बेसवरच्या खोलीत बूट घालीत असता थांबला. रात्री घरून येणारे विमान चुकले होते, दुसरे मध्यरात्री मिळाले होते, झोप जेमतेम तीन तासांची. त्याने कंपनीला दूरध्वनी करून सांगितले की, आपण उडण्यास योग्य नाही. तसे सांगण्याचा अधिकार वैमानिकाला आहे, पण तो वारंवार वापरता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होते. पुढच्याच महिन्यात घर दक्षिणेला हलले. वडिलांच्या उपचाराची सोय तिथे लागली. विरारची जागा भाड्याने दिली. आमचा सिद्धांत अखेर जिंकला असे म्हणावयास हरकत नव्हती, आणि आम्ही मनात तसे म्हटलेही.

आम्ही कागद पुन्हा पाहिला तो त्या सुनेने राजीनामा दिल्यावर. अनुदानित शाळांत १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे शिक्षकांचीही ज्येष्ठतेची यादी असते. पर्यवेक्षकपद आणि पुढे मुख्याध्यापकपद ठरते ते तीत कोण कोठे आहे यावरून. पटसंख्या घटून शिक्षक जास्त झाले तर आधी कोणी बाहेर पडावयाचे, तेही त्या यादीवरूनच. बाईंची नऊ वर्षे भरली होती. म्हणजे त्या घरात नंबर एक नव्हता, दोन होते. मुलाचा नंबर वाचवण्याचा हिशेब आम्ही पाच रात्री केला. बाईंच्या नंबराला आमच्या कागदावर रकानाच नव्हता. त्यांनी तो कधी मागितला नाही, हे खरे. आम्हीही विचारले नाही. भारतात वैमानिक स्त्रियांचे प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा पुष्कळ अधिक आहे. ज्या घरात पत्नी वैमानिक आणि पती शिक्षक, तिथे हाच कागद कसा मांडला जात असेल, हे जाणण्याची आम्हाला फार इच्छा आहे.

आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. तो उभारताना उलव्याकडची दहा गावे उठली. घर हलणे म्हणजे काय हे विचारावयाचे तर आधी त्यांना विचारले पाहिजे, वैमानिकांना नंतर. पण वसई-विरारच्या विमान नोकरदारांपुढे त्याने एक विचित्र पेच टाकला आहे. कंपनीने सांताक्रूझ आणि नवी मुंबई मिळून एकच बेस धरला, तर कागदावर काहीच हलत नाही. पत्र नाही, पर्याय नाही, भत्ता नाही. फक्त अंधेरीची सरळ रेल्वे उपयोगाची राहत नाही, आणि पहाटे घोडबंदर, ठाणे, बेलापूर असा अर्धा वळसा घालावा लागतो. वसई रोडहून दिव्यावरून पनवेलला रेल्वे जाते खरी, पण त्या मार्गावरच्या गाड्या मोजक्या, आणि विमानाची पाळी काही त्यांच्या वेळा बघून लागत नाही.

शेजाऱ्यांच्या मुलाला याच विमानतळामुळे परत येण्याची संधी दिसते आहे. मुंबईकडे विमाने वाढली तर परतीचा अर्ज करणाऱ्यांत त्याचा नंबर बरा लागतो, कारण तो त्याने राखला. मागच्या महिन्यात त्याचा दूरध्वनी आला होता. विरारहून उलव्याला पहाटे किती वेळ लागतो, ते एकदा स्वतः जाऊन पाहून कळवा म्हणाला. मग पत्नीच्या हाती यंत्र दिले. त्यांनी एवढेच विचारले की, जुन्या शाळेत जागा निघाली तर मागची नऊ वर्षे धरतील काय. आम्ही शाळेत जाऊन चौकशी केली. मध्ये राजीनामा पडला आहे. नेमणूक नवी धरावी लागेल आणि नाव यादीच्या तळाशी येईल, असे सांगण्यात आले. या वेळी कागदावर दोन रकाने आखले आहेत. उलव्याचा वेळ अजून पाहावयाचा आहे.